आधी मागे सरायचं

अपघाताच्या जागी पोचलं की आधी मागे सरायचं. गाडीकडे धावायचं नाही, गर्दीत घुसायचं नाही. गाडी ज्या दिशेनं आली त्या दिशेला रस्त्याच्या कडेकडेनं चालत जायचं. वळण, किलोमीटरचा दगड, साइडपट्टी आणि गाडी एका चौकटीत येतील तिथं थांबायचं आणि पहिला फोटो घ्यायचा. हे मला नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवलं. ते म्हणायचे, "गाडी कुठं जात न्हाई. रस्ता जातोय. आदी रस्ता घे." खरंच रस्ता जातो. क्रेन येते, टोचन लावून गाडी बाजूला ओढतात, अडकलेली वाहतूक सुटते आणि टायर घासल्याच्या खुणा, सांडलेलं ऑइल, काचेचा चुरा कुठून कुठवर पसरला होता, हे सगळं शेदोनशे गाड्यांच्या चाकांखाली पुसून जातं.

आमचा स्टुडिओ पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या एका बाजारगावात आहे. पोट लग्नांवर चालतं. पण नानांच्या काळी पोलीस ठाण्यात कॅमेरा नसायचा. कुठं अपघात झाला, विहिरीत मयत सापडली, कुणाच्या घरी चोरी झाली की हवालदार सायकलवरून निरोप घेऊन यायचा आणि नाना पंचनाम्याला कॅमेरा घेऊन जायचे. मी शाळेत असल्यापासून फ्लॅशची बॅटरी खांद्याला अडकवून त्यांच्या मागे असायचो. पुढे विम्याचे सर्व्हेअर बोलवायला लागले. ट्रक किंवा टेम्पोचा मोठा अपघात असेल तर गाडी हलवायच्या आत ‘स्पॉट’ करायचा असतो. सर्व्हेअर साताऱ्याहून निघून पोचेपर्यंत मी फोटो काढून ठेवायचो. आता पोलिसांच्या मोबाईलमध्येच आयरॅडचं, म्हणजे अपघातांच्या सरकारी नोंदीचं ॲप आहे, जागेवरून फोटो थेट वर चढतात, आणि हवालदाराचा निरोप क्वचित येतो. तरी काम सुटलेलं नाही.

हे लिहायला कारण म्हणजे फोनवर रोज येणारे अपघाताचे फोटो आणि व्हिडिओ. ते मी पाहतो, धंद्याच्या सवयीनं नीट पाहतो, आणि मला त्यांचा फार त्रास होतो. रक्ताचा नव्हे, रक्त मी लहानपणापासून पाहिलंय. हे फोटो कुणासाठी काढलेत हे त्यांच्यातच दिसतं, त्रास त्याचा होतो.

नानांचा कॅमेरा याशिका ६३५ होता. एकावर एक दोन भिंगं, वर झाकण उघडायचं आणि आत दुधी काचेवर चित्र बघायचं. ज्यांनी तो वापरला नाही त्यांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे त्या काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे चौकट जुळवायला वेळ लागतो, घाई करता येत नाही. दुसरी म्हणजे तो कॅमेरा पोटाशी धरावा लागतो आणि मान खाली घालून त्यात बघावं लागतं. एका रोलवर बारा फोटो. बारा म्हणजे खूप कमी. दोन्ही बाजूंनी लांबून, मग मधल्या अंतरावरून, मग गाडीचे चार कोपरे, नंबर प्लेट, चासी नंबर, टायर, रस्त्यावरच्या खुणा, आणि मग गाडीच्या आतलं. एवढ्यातच रोल संपायचा. माणसाच्या चेहऱ्यासाठी फोटो उरायचाच नाही. बेवारस मयताची ओळख पटवायची असेल तर चेहऱ्याचा फोटो लागतो, तो वेगळा, सरकारी दवाखान्यात, अंगावर चादर नीट ओढून घेऊन काढायचा, आणि त्याची प्रिंट बंद पाकिटात फक्त ठाण्यात द्यायची. अशा फोटोची एकही प्रिंट नानांनी स्टुडिओच्या कपाटात ठेवली नाही.

आता हात वर करून मोबाईल गर्दीच्या डोक्यावरून पुढे सरकवतात. हात पुढे पोचतो, माणूस मागेच असतो. तो बघत नसतो, फक्त काढत असतो. आणि मोबाईल ज्या गोष्टीकडे सरकतो ती रस्ता नसते. १० एप्रिल २०१८ ला पहाटे खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या उतारावर मजुरांना घेऊन निघालेली गाडी उलटली. अठरा माणसं गेली. विजापूरकडची गरीब माणसं, शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत बांधकामाच्या कामाला निघालेली. ज्यांना हा रस्ता माहीत आहे त्यांना ते एस वळण माहीत आहे: साताऱ्याकडून येताना बोगद्यातून बाहेर पडलं की उतार लागतो, गाडी वेग घेते, आणि अशात वळण समोर येतं. पुढे हे वळणच नको म्हणून नव्या बोगद्यांचं काम हाती घेतलं गेलं. त्या सकाळी माझ्या फोनवर जे फोटो आले त्यात ते वळण एकाही फोटोत नव्हतं. ज्यानं माणसं मारली ती गोष्टच कुणी काढली नव्हती. मेलेली माणसं मात्र सगळ्यांनी काढली होती.

लोक म्हणतात, असे फोटो बघून लोक सावध होतात. माझा अनुभव असा नाही. देह समोर आला की नजर एकतर तिथंच थिजते नाहीतर झटकन बाजूला होते. दोन्हींत विचार थांबतो. जो गेला तो कुणीतरी दुसरा, हे मनाला लगेच कळतं आणि मन सुटका करून घेतं. पण रिकाम्या गाडीचा फोटो बघताना तसं होत नाही. नजर शोधायला लागते. पुढे कोण बसलं असेल, मागे कोण, ही चप्पल कुणाची, ही पिशवी कुठून भरून आणली. आणि शोधता शोधता त्या सीटवर आपण आपलीच माणसं बसवून टाकतो. स्टुडिओत आलेल्या माणसांना मी हे करताना पाहिलंय. टेबलावर गाडीचे फोटो पडलेले असले की पासपोर्ट फोटोला आलेला माणूस उभ्या उभ्या ते बघत राहतो, मग विचारतो, "ही आमच्या भाच्याकडं हाय तीच गाडी का ओ? हाच रंग हाय." गाडी कुठली, रंग कुठला, हे त्याला आधी दिसतं, कारण तो आपली गाडी बघत असतो.

गाडी बोलते, हेही खरं. समोरची काच दोन थरांची असते, मध्ये पारदर्शक पापुद्रा असतो, म्हणून ती फुटली तरी गळून पडत नाही. तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा जाऊन मधोमध बाहेरच्या बाजूला फुगा आलेला दिसला, तर तिथं आतून डोकं आपटलंय. ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या, दोन्ही बाजूंना फुगे असले तर दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. बाजूच्या काचा वेगळ्या, त्यांचा बारीक खड्यांचा चुरा होतो, आणि तो चुरा रस्त्यावर जिथं सुरू होतो तिथून धडकेची जागा सांगता येते. जुन्या बल्बच्या दिव्यांत आणखी एक गोष्ट असे. दिवा चालू असताना धडक बसली तर आतली तापलेली तार ताणून वेडीवाकडी होते, बंद असताना बसली तर ती थंड असते आणि सरळ तुटते. म्हणजे समोरच्याचे दिवे चालू होते की नाही, यावर दोन ड्रायव्हर भांडत असतील तर फुटक्या दिव्यातली केसाएवढी तार निकाल देते. हे मला एका म्हाताऱ्या सर्व्हेअरनं दाखवलं. तेव्हापासून मी फुटके दिवे जवळून काढायला लागलो.

डॅशबोर्डवरच्या गणपतीचं सांगतो, कारण तो फोटो सगळ्यांना हवा असतो. गाडीचा चुराडा झालाय आणि बाप्पा मात्र जागेवर, असा फोटो फार फिरतो. मी देव मानणारा माणूस आहे, दर चतुर्थीला उपास करतो, आणि म्हणूनच तो फोटो मी काढत नाही. मूर्ती जागेवर राहते कारण ती चिकटवलेली असते. माणूस जागेवर राहत नाही कारण त्यानं पट्टा लावलेला नसतो. त्या फोटोतून लोकांपर्यंत भलतंच काहीतरी पोचतं.

आर्नोल्ड ओडरमॅट हे नाव मला भाच्यानं दाखवलं. स्वित्झर्लंडमधल्या निडवाल्डन नावाच्या डोंगराळ भागातला हा साधा पोलीस. १९२५ चा जन्म, आधी बेकरीत काम करायचा, १९४८ मध्ये पोलिसात लागला आणि १९९० मध्ये निवृत्त झाला. अपघाताच्या अहवालाला हातानं काढलेली रेखाटनं जोडायचा तो काळ. त्यानं कॅमेरा आणला. रोलायफ्लेक्स, म्हणजे आमच्या याशिकाच्या घराण्यातलाच, मान खाली घालून बघायचा. वरिष्ठांना आधी ते आवडलं नव्हतं. तो पोलिसांच्या फोक्सवॅगन गाडीच्या टपावर तिवई लावायचा आणि वरून सगळा रस्ता घ्यायचा. अहवालासाठी लागणारे फोटो काढून झाले की एखादा फोटो स्वतःसाठी, शांतपणे. तळ्यात अर्धी बुडालेली फोक्सवॅगन, मागे डोंगर, पाणी संथ. एकमेकींना चिकटलेल्या दोन गाड्या आणि भोवती रिकामा, ओला, लखलखीत रस्ता. जखमी नाहीत, मयत नाहीत. त्यांना तिथून नेल्यानंतरच तो आपला फोटो घ्यायचा.

त्याचा मुलगा उर्स ओडरमॅट सिनेमाचा दिग्दर्शक. त्यानं वडिलांचे हे निगेटिव्ह जगापुढे आणले, आणि २००१ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ते लागले. २०२१ मध्ये ओडरमॅट वारले. त्यांचे फोटो पहिल्यांदा पाहिले त्या रात्री मला झोप आली नाही. ते सुंदर आहेत म्हणून. अपघाताचा फोटो इतका नीटस असावा का, हा प्रश्न मला सोडेना. मग पुन्हा पुन्हा पाहताना एक लक्षात आलं. त्या फोटोंत सगळं मोजता येतं. किती अंतरावर ब्रेक लागला, कुठून गाडी फिरली, कुठं जाऊन थांबली. आधी मोजता यावं म्हणून तो मागे सरला, आणि मागे सरल्यामुळे डोंगर, झाडं, तळं हेही चौकटीत आलं. सौंदर्य त्यानं वरून ओतलेलं नाही, ते त्या अंतरातून आलंय. नानांनी तो माणूस कधी पाहिला नाही, त्याचं नावही ऐकलं नाही, आणि दोघं रस्त्यावर एकाच रीतीनं उभे राहायचे.

दुसरं नाव एनरिके मेटिनिडेस. मेक्सिको सिटीचा. वडिलांनी दिलेल्या कॅमेऱ्यानं लहान वयातच फुटक्या गाड्यांचे फोटो काढायला लागला, बारा वर्षांचा असताना पहिला फोटो वर्तमानपत्रात छापून आला, तिथले बातमीदार त्याला ‘एल निन्यो’, म्हणजे पोरगं म्हणायचे. पुढे आयुष्यभर रेड क्रॉसच्या ॲम्ब्युलन्समधून फिरला. त्याची एक गोष्ट मला फार पटते: तो बघ्यांना चौकटीत घेतो. झाडावर चढलेली पोरं, हाताची घडी घालून उभी माणसं, कॅमेऱ्याकडेच बघणारा एखादा. अपघातात गर्दी असतेच, ती कापून टाकणं खोटं आहे.

पण त्याचा सगळ्यांत गाजलेला फोटो मला पटत नाही. १९७९ सालचा. एका बाईला डॅटसन गाडीनं उडवलं, ती खांबाला टेकून अडकलीय, डोळे उघडे, केस आणि नखं नुकतीच करून घेतलेली. ती पत्रकार होती आणि त्या दिवशी तिच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. महान फोटो म्हणतात. असेल. मी मात्र तो बघताना तिच्या चेहऱ्यापलीकडे जाऊच शकत नाही. रस्ता कुठला, गाडी कशी आली, सिग्नल होता का, काहीच मनात येत नाही. ती इतकी सुंदर दिसते की तिला मारलं गेलंय हेच विसरायला होतं. तिच्या घरच्यांनी तो फोटो किती वेळा, किती ठिकाणी पाहिला असेल, एवढाच विचार मनात राहतो.

अँडी वॉरहॉलनं १९६३ च्या सुमारास वर्तमानपत्री अपघाताचे फोटो घेऊन ते कॅनव्हासवर पुन्हा पुन्हा छापले. त्यातलं एक चित्र, एका बाजूला तोच फोटो ओळीनं कितीदा तरी आणि दुसरी बाजू नुसती रिकामी रुपेरी, २०१३ मध्ये दहा कोटी डॉलरच्या वर गेलं. पैशाचं जाऊ द्या. एकच फोटो दहादा बघितला की काय होतं ते त्या माणसाला आपल्या फोनच्या कितीतरी आधी कळलं होतं. सकाळी गावाच्या ग्रुपवर, मग भावकीच्या, मग दहावीच्या बॅचच्या, मग पुन्हा गावाच्या. चौथ्यांदा येतो तेव्हा अंगठा न थांबता वर सरकतो. मयताच्या घरच्यांचा अंगठा सरकत नाही. त्यांच्यासाठी तो दर वेळी पहिलाच असतो.

आणि हे फक्त बघ्यांमुळे होतं असं नाही. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात एक तरुण मुलगी अपघातात गेली. महामार्ग पोलिसांनी तपासासाठी काढलेले फोटो त्यांच्याच खात्यातल्या लोकांनी मित्रमंडळींना मेल केले. ते इंटरनेटवर पसरले आणि शेवटी तिच्या आईवडिलांपर्यंत पोचले. कुटुंब कोर्टात गेलं. मेलेल्याच्या फोटोवर घरच्यांचा काही हक्क असतो का, हा प्रश्न होता. २०१० मध्ये वरच्या कोर्टानं असतो म्हणून सांगितलं, आणि पुढे खात्यानं नुकसानभरपाई देऊन ते मिटवलं. हे वाचलं तेव्हा नानांची बंद पाकिटं मला वेगळी दिसायला लागली. त्यांनी कायदा वाचलेला नव्हता. ते फक्त म्हणायचे, "हे त्येंच्या घरचं हाय."

मग फोटो काढूच नयेत का? काढावेत, नक्की काढावेत. ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गेले. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. पुलाच्या कठड्याजवळ उभ्या त्या गाडीचे फोटो देशभर पोचले. मागच्या सीटवर पट्टा लावायचा नियम आधीपासून होता, पण आपल्याकडे तो कुणाच्या गावीही नव्हता. त्या आठवड्यात माझ्या स्टुडिओत आलेल्या माणसांनी पहिल्यांदा मला विचारलं, मागं बसल्यावर पण लावायचा असतो का? मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. हे गाडीच्या फोटोनं झालं.

आता ज्या प्रकरणामुळे हे सगळं माझ्या मनात पक्कं झालं ते सांगतो. नावं, गावं, साल लिहीत नाही.

गळीत हंगाम चालू होता. आमच्याकडे हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस बाजूंनी बाहेर आलेला, वेग सायकलचा, मागे दिवा नाही. ट्रॉली पंक्चर झाली की ती रस्त्यातच उभी करतात, मागे चार दगड आणि उसाचं वाढं ठेवतात आणि ड्रायव्हर टायर घेऊन निघून जातो. अशाच एका उभ्या ट्रॉलीवर मध्यरात्रीनंतर एक लहान कार मागून गेली. गाडीत एकटाच माणूस, सेकंड शिफ्ट सुटून घरी निघालेला. मी पोचलो तोवर त्याला नेलं होतं.

मी मागे गेलो. बराच मागे, अंधारात, कडेच्या बाभळीपाशी. तिथून फ्लॅश टाकून फोटो घेतला, मग थोडं पुढे येऊन दुसरा, मग तिसरा. फ्लॅश कॅमेऱ्याच्या भिंगाला लागूनच असतो. समोर रेडियमची पट्टी असेल तर ती उजेड आला त्याच वाटेनं परत पाठवते, म्हणून फोटोत ती पांढरी फटक उमटते. लांबून गाडीच्या ड्रायव्हरला ती दिसते तेही याचमुळे. माझ्या पहिल्या फोटोत रस्त्यातले कॅट आय, म्हणजे रस्त्यात बसवलेली चमकणारी बटणं, ओळीनं चमकलेत. पोलिसांच्या गाडीची नंबर प्लेट चमकलीय. हवालदाराच्या अंगातल्या जाकिटाच्या पट्ट्या चमकल्यात. आणि या सगळ्याच्या मधोमध ट्रॉली जिथं आहे तिथं नुसता काळोख. उसाचा एक कांडकासुद्धा ओळखू येत नाही.

साताऱ्याला मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात ते प्रकरण उभं राहिलं. समोरच्या बाजूचं म्हणणं, ट्रॉलीला रेडियम लावलेलं होतं, गाडीच बेफाम होती, चूक मयताची. मला साक्षीला बोलावलं. डिजिटल फोटो कोर्टात पुरावा म्हणून चालावेत यासाठी लागणारं, जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-ब चं प्रमाणपत्र दिलं होतं, नव्या पुरावा कायद्यात तेच आता कलम ६३ झालंय. वकिलांनी विचारलं, अंधार होता, एवढ्या लांबून ट्रॉलीवरची पट्टी फोटोत येणारच नाही, बरोबर? मी म्हणालो, साहेब, ट्रॉलीच्या अलीकडचे आणि पलीकडचे कॅट आय मोजा. पलीकडचे आलेत. जाकिटाची दोन बोटांची पट्टी आलीय. पट्टी असती तर ती आली असती. मग ते म्हणाले, चिखल उडाला असेल. त्यावर मी जवळचे फोटो दाखवले. ट्रॉलीचं मागचं फळकूट जवळून, फ्लॅश टाकून, डावीकडून उजवीकडे. चिखल नव्हता, पट्टी चिकटवल्याची खूणही नव्हती, नुसता गंजलेला पत्रा. ट्रॉलीला मागून चमकणारं काहीच नव्हतं, हे न्यायाधिकरणानं मान्य केलं.

माझ्याजवळ त्या रात्री मयताच्या चेहऱ्याचा फोटो असता, तर त्याचा त्याच्या बायकोला काडीचा उपयोग झाला नसता.

ती दाव्याच्या कागदांसाठी दिरासोबत स्टुडिओत आली होती. दारातच थांबली. दिरानं विचारलं, "दादा, ह्यात दादा हायेत का?" म्हणजे त्याचा भाऊ. मी म्हणालो, "न्हाईत. एकाबी फोटोत न्हाईत. वहिनींना बघायचं असंल तर बघू द्या, नसंल तर पाकीट बंद करून देतो." ती आत आली, खुर्चीवर बसली आणि एकेक प्रिंट हातात घेऊन बघायला लागली. रस्त्याचे फोटो लवकर झाले. गाडीच्या आतल्या फोटोवर ती थांबली. ड्रायव्हरच्या शेजारी खाली, काचेच्या चुऱ्यात स्टीलचा डबा पडलेला होता, कड्या लावलेल्या. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि दिराकडे बघून म्हणाली, "डबा उघडलाच न्हाई. जेवले न्हाईत ते." दीर काही बोलला नाही. मीही नाही. मग तिनं मला विचारलं, "हितनं ट्रॉली दिसत होती का हो त्येंना?" मी तिला तो लांबचा, काळा फोटो पुन्हा दाखवला. तिनं तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "मग त्येंची चूक न्हाई."

गावात तोवर लोक काय बोलत होते हे मला माहीत होतं. प्यायला असेल, झोप लागली असेल, फोनवर बोलत असेल. तीही ते ऐकत आली होती. त्या फोटोनं तिला पैसे मिळवून दिले ते पुढे. त्या दिवशी त्यानं तिच्या नवऱ्यावरचा आळ काढला.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं गेली. प्रत्येकाच्या मागे असा एक तरी प्रश्न घेऊन बसलेलं घर आहे. दिसत होतं का, चूक कुणाची, त्रास झाला का. त्यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं रस्त्यावर पडलेली असतात, आणि ती तासाभरात पुसली जातात. म्हणून तुमच्या हातात मोबाईल असेल आणि तुम्ही तिथं पहिले पोचला असाल, तर आधी १०८ ला फोन लावा, किंवा ११२ ला. माणसाला हात द्या. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती जुनी झाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलंय, नाव सांगायची सक्तीसुद्धा तुमच्यावर नाही. जखमीला नेल्यावर वेळ मिळाला तर मागे जा आणि रस्ता काढा. खुणा काढा, दगड काढा, झाकलेला फलक काढा, बंद असलेला दिव्याचा खांब काढा. गाडी काढा. आणि ते फोटो पोलीस ठाण्यात द्या, ग्रुपवर टाकू नका. चेहरा काढू नका. हात जोडून सांगतो, काढू नका.

यंदाचा हंगाम सुरू होतोय. तो लांबचा काळा फोटो, गाडीचा नंबर झाकून आणि घरच्यांची परवानगी घेऊन, मी मोठा करून घेतलाय, तीन फूट बाय दोन फूट. कारखान्यात ऊस उतरवायच्या गव्हाणीपाशी ट्रॉल्यांची रांग लागते तिथं तो लावायचा आहे. शेजारी त्याच जागेवरून, त्याच फ्लॅशनं काढलेला, रेडियम लावलेल्या ट्रॉलीचा फोटो असेल. ड्रायव्हर लोक बीडकडचे, नगरकडचे, रात्र रात्र रांगेत बसून असतात, त्यांना बघायला वेळ असतो. लाल आणि पांढऱ्या रेडियमचे रोल आणून ठेवलेत, पुसायला फडकी आहेत, कात्री आहे. ट्रॉलीवाल्यांनी यावं, एका ट्रॉलीला दहा मिनिटं लागतात, पैसे नाहीत. चिकटवायला हात कमी पडतायत, आसपासच्या पोरांनी संध्याकाळी सातनंतर स्टुडिओवर यावं.